फुंकर न मारलेल्या क्रँकचं गाऱ्हाणं

मी एक जुना क्रँक आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेलो आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलायची पद्धत असते, ते मला ठाऊक आहे. शाळेच्या निबंधातली जुनी छत्री गोड बोलते, फुटकी पाटी गोड बोलते. बोलू देत. मला ते जमणार नाही. सध्या मी एका स्वयंपाकघराच्या दाराशी पडून असतो, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. येता जाता कुणाची ना कुणाची करंगळी माझ्यावर आदळते आणि शिव्या मलाच मिळतात. त्याचं मला काही वाटत नाही. पण माझ्यापायी एका भल्या माणसाला नाही नाही ते ऐकून घ्यावं लागलं, तो राग माझ्या मनातून जात नाही.

आधी मी कोण ते समजून घ्या. मी मोटरसायकलच्या इंजिनाच्या पोटात असतो. दोन जड पोलादी चाकं, त्यांच्यामध्ये अंगठ्याएवढी जाड पिन, आणि त्या पिनवर बेअरिंगसकट बसवलेला एक दांडा. वरती पिस्टन वर-खाली नाचतो, त्याचं नाचणं दांडा माझ्यापर्यंत आणतो, आणि मी गरगर फिरून मागच्या चाकाला पळवतो. मिनिटाला चार-चार हजार फेरे! एवढं फिरायचं तर ऑइल हवं. ते माझ्या एका चाकातल्या बारीक भोकातून येतं, तिथून पिनच्या भोकात शिरतं आणि बेअरिंगला मिळतं. म्हणजे चाकाचं भोक आणि पिनचं भोक समोरासमोर हवं. बस, एवढंच. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण या एवढ्याशा भोकामुळे घडलं.

भट्टीत मला लाल केलं, घणाखाली ठोकलं, घासून घासून चकचकीत केलं आणि इंजिनात बसवलं. माझे मालक लिफ्ट दुरुस्त करायचे. घरात त्यांना सगळे बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणतो. कुठे कुणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की बाबांना फोन यायचा. बाबा धावत यायचे, किक मारायचे, आणि मग अर्धा मिनिट नुसते उभे राहायचे. शेजारचे म्हणायचे, "अहो, निघा की! तिकडे माणूस अडकलाय." बाबा म्हणायचे, "तो घाबरला तर ठीक आहे. मी घाबरून चालत नाही. आधी ऑइल फिरू दे." असा मालक मिळायला भाग्य लागतं हो!

त्यांना एका शब्दाची भारी चीड होती. तो शब्द म्हणजे 'चालेल'. त्यांच्या हाताखालचा कुणी लिफ्टच्या ब्रेकला हात लावून 'चालेल' म्हणाला, की बाबा शांतपणे सांगायचे, "चालेल ना? मग तू आत बस. मी वरून सोडतो." तो माणूस निमूटपणे ब्रेक पुन्हा खोलायचा.

बारा वर्षांनी माझी पिन झिजली. वयानं झिजली, त्यात कुणाचा दोष नव्हता. बाबांनी मला लेथवाल्या आजोबांकडे नेलं. सोबत नऊ वर्षांची लेक होती. आजोबांनी प्रेसवर, म्हणजे दाबयंत्रावर, जुनी पिन काढली, नवी बसवली. मग माझ्या चाकाच्या भोकाला तोंड लावलं आणि त्या पोरीला म्हणाले, "पिनच्या भोकापाशी तळहात धर." त्यांनी जोरात फुंकर मारली. पोरीच्या हाताला गुदगुली झाली आणि ती खुदकन हसली. "आली ना? आली म्हणजे ऑइलही येणार. नाही आली तर हा क्रँक नाही, नुसतं वजन." मग त्यांनी मला टोकांवर धरून फिरवलं, तांब्याच्या हातोडीनं हलके हलके टोले दिले, आणि मी डोलतोय का ते दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा हलायचा थांबला तेव्हाच हातोडी खाली ठेवली. "जा आता. दहा-बारा वर्षं तोंड दाखवू नकोस." माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

मी अकरा वर्षं तोंड दाखवलं नाही. तोवर आजोबा गेले होते, बाबा निवृत्त झाले होते, आणि लेक त्याच धंद्यात उतरून लिफ्टच्या खड्ड्यात शिरत होती. पिन पुन्हा झिजली. मी खडखड केली, बाबांनी ती पहिल्याच दिवशी ओळखली, आणि मला एका नव्या गॅरेजमध्ये दिलं. गॅरेजवाल्याला सगळा रस्ता चालेलशेठ म्हणायचा. का, ते सांगायला हवं का?

चालेलशेठचा एक कान मोबाइलला चिकटलेला होता. एका हातानं त्यानं माझी नवी पिन प्रेसखाली धरली आणि दाबली. पिन पाव फेरा फिरून बसली. माझं भोक एकीकडे, पिनचं भोक दुसरीकडे! मी आतून ओरडत होतो, अरे गाढवा, फुंकर मार! एक फुंकर! तिला काय पैसे पडतात? त्यानं मला बोटानं एकदा गरगर फिरवलं आणि फोनवरच्या माणसाला सोडून मला म्हणाला, "चालेल."

इकडेतिकडे उडणाऱ्या ऑइलवर मी एकोणीस दिवस काढले. एकोणीस! विसाव्या दिवशी बेअरिंग जळलं, दांडा पिनला चिकटला आणि भर रस्त्यात मी जाम झालो. मागचं चाक फरफटलं. बाबांनी क्लच दाबला म्हणून पडले नाहीत. त्या वयात तेवढं सुचलं, याचं कुणी कौतुक करायला हवं होतं.

चालेलशेठनं काय करावं? इंजिन न खोलताच हात झटकले. गॅरेजच्या बाकावर चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर म्हणाला, "काका, राग मानू नका, पण गाडी तुम्ही मारलीत. क्लच अर्धा दाबून रेस देता. वय झालं की हाताला कळत नाही. आता गाडी ताईंना द्या आणि आराम करा." चारही माणसं फिदीफिदी हसली.

आणि बाबा? बाबांनी मान खाली घातली. मित्रांनो, मला खरा राग तिथे आला, आणि तो बाबांचाच आला. अहो, तीस वर्षं तुम्ही माणसं खाली उतरवलीत, एकाचं नख मोडू दिलं नाहीत. भांडा की एका शब्दानं! नाही भांडले. त्यांनी ते खरं मानलं.

बंद गाडी ढकलत आणून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावली. चार महिने मी तिथे होतो आणि मला घरातलं सगळं ऐकू यायचं. आतला नळ गळायला लागला होता. टप, टप, टप. पूर्वी बाबांनी तो दहा मिनिटांत बंद केला असता. आता लेक म्हणाली, "बाबा, वॉशर बदलता का?" तर बाबा म्हणाले, "नको गं. माझ्या हातानं आणखी बिघडायचं. कुणाला तरी बोलाव." बल्ब गेला तरी ते लेक घरी यायची वाट बघत अंधारात बसायचे. एक माणूस जाता जाता काहीतरी बोलून गेला आणि या माणसाचे हात गळून पडले. मी लोखंड आहे, पण माझा जळफळाट होत होता.

शेवटी लेकीनं ठरवलं, गाडी चालू करायचीच. नवा क्रँक आणला आणि गाडी चालेलशेठकडेच दिली, कारण जवळपास दुसरं कुणी नव्हतं. त्यानं इंजिन खोललं आणि मला कोपऱ्यात फेकलं. "हे राहू दे ताई, भंगारात जाईल."

"माझं आहे, मला द्या," ती म्हणाली आणि तिनं मला बादलीत घातलं.

रविवारी सकाळी तिनं जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मला रॉकेलनं धुतलं. का धुतलं, तिलाही नीट माहीत नसावं. धुताना तिचं बोट त्या भोकावर आलं, आणि ती थांबली. तिनं तोंड लावलं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, पण फुंकर पलीकडे जाईना. काजळी असेल म्हणून तिनं बारीक तार घातली. तार टक् करून अडली. काजळी मऊ लागते, मित्रांनो. हे पोलाद होतं. ती ताडकन उठली. "बाबा, चला. बादली जड आहे, मला एकटीला उचलत नाही." साफ खोटं! लिफ्टची मोटर उचलणारी मुलगी ती.

गॅरेजच्या बाकावर तीच चार माणसं होती. लेकीनं मला प्रेसवर ठेवायला लावलं. पिन निघाली आणि सगळ्यांना दिसलं. दोन भोकं, पाव फेऱ्याचं अंतर.

"शेठ, हे काय?"

"अं... बसवताना थोडं फिरलं असेल. त्यानं काही होत नाही ताई. आत ऑइल उडतच असतं. चालतं."

"चाललं ना. एकोणीस दिवस. मग गाडी कुणी मारली?"

चालेलशेठ पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता. "जाऊ द्या हो! नवा क्रँक बसवतोच आहे. म्हणत असाल तर अपग्रेड करून देतो, रेसिंगचा. काका नुसते उडतील!"

"मला शर्यत जिंकायची नाही. मला भाजी आणायचीय," बाबा म्हणाले. चार महिन्यांत त्यांनी बाहेर उच्चारलेलं हे पहिलं धड वाक्य. ते पुढे आले, टेबलावरचा नवा क्रँक उचलला, भोकाला तोंड लावलं आणि फुंकर मारली.

आली नाही.

"कारखान्यातलं ग्रीस आहे ते," चालेलशेठ घाईघाईनं म्हणाला. "सुकून बसतं. गरम झालं की विरघळेल. चालेल काका."

"चालणार नाही," बाबा म्हणाले.

अहाहा! माझी पिन जागेवर असती तर मी तिथल्या तिथे चार फेरे मारले असते. बाबांनी पेट्रोल मागितलं, तार मागितली, ग्रीसचा बोळा बाहेर काढला. मग चालेलशेठला म्हणाले, "तळहात धर." त्यानं शाळेतल्या मुलासारखा हात पुढे केला. बाबांनी फुंकर मारली.

"लागली?"

"लागली."

"एवढीच बघायची होती त्या दिवशी."

चालेलशेठ पुटपुटला, "चुकलं काका." मी मनात ओरडलो, मोठ्यानं बोल की! बाबांना बोललास ते चौघांना ऐकू गेलं होतं! मला तोंड नाही. पण लेकीला आहे.

"मोठ्यानं बोला शेठ. बाकापर्यंत जाऊ दे."

"माझं चुकलं, काका. काकांनी गाडी मारली नव्हती, मी मारली," चालेलशेठ बोलला. यावेळी बाकावर कुणी हसलं नाही.

माझा राग गेला का? छे. मी जळालो तो जळालोच, मला कुणी परत फिरवणार नाही. नवा क्रँक माझ्या जागी मजेत फिरतोय आणि त्याला कुणामुळे जीवदान मिळालं याचा पत्ताही नाही. शेवटी उपदेश करायची पद्धत आहे, तर तोही घ्या. 'चालेल' म्हणण्याआधी एक फुंकर मारा आणि ती पलीकडे पोचली का, ते हात धरून बघा. आणि दुसऱ्याला 'तुझंच चुकलं' म्हणण्याआधी तर दोनदा मारा.

आता जरा गप्प बसा आणि इथे दाराशी माझ्यासोबत ऐका. काही ऐकू येतंय? नाही ना? इथे एक नळ गळायचा. गॅरेजमधून आल्या आल्या हातसुद्धा न धुता बाबांनी आधी तो बंद केला.