विझली म्हटल्यावर

शालन घोरपडेने ‘विझली’ म्हटलं आणि खोली लांब व्हायला लागली.

सरावाच्या मैदानावरची ती पत्र्याची खोली एरवी चार ढांगांत संपायची. आत मेहमूदभाई अत्तार पाण्याचा पाइप धरून सरावासाठी पेटवलेल्या विजेच्या स्कूटरच्या बॅटरीसमोर उभे होते, आणि दारात त्यांच्या कमरेचा दोर धरून शालन. मागची भिंत त्यांना घेऊन निघाली. दोर शालनच्या हातातून सरसरत आत जाऊ लागला. ती घाबरली नाही. तेलाची गोदामं विझवलेली बाई ती, पत्र्याच्या खोलीला काय भिणार.

अग्निशमन दलात रिवाज असा, की दारावरच्या माणसाने ‘विझली’ म्हटलं की आतल्याने तोंडावरचा मास्क काढायचा. लाकूड, गवत, रॉकेल, सगळ्यांना हेच लागू. लिथियमच्या बॅटरीचं तसं नसतं, हे सराव घेणाऱ्या बाबर सरांनी सकाळीच घसा कोरडा करून सांगितलं होतं. ज्वाळा गेली तरी आतला एक सेल शेजारच्याला तापवत राहतो, विषारी वायू सुटत राहतो. पाणी मारत राहायचं, आणि उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. शालनने मान डोलावली होती. कॅमेरा मात्र तिच्या पायाशी पेटीतच राहिला होता. धूर दिसेना, म्हणून तिने छातीठोकपणे सांगून टाकलं.

बाबर सर बाहेर खुर्चीत चहा पीत बसले होते.

“खोली कुठवर गेली?” त्यांनी विचारलं.

“कुंपणाच्या पलीकडे, सर.”

“तुझा शब्द त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून पळतेय ती. पण पत्रा होता तेवढाच आहे.”

खरंच, खोली जितकी लांबत होती तितकी अरुंद होत चालली होती. पत्रा संपला की शब्द पोचणार, आणि मेहमूदभाई मास्क काढणार. पाइप कसा कवटाळायचा हे शालनला त्यांनीच शिकवलं होतं. तिच्या शब्दावर त्यांनी आजवर कधी शंका घेतली नव्हती, आताही घेणार नव्हते.

“परत घेऊन येते,” ती म्हणाली. मास्क चढवला, दोर मनगटाला गुंडाळला आणि आत शिरली.

शब्द बराच पुढे गेला होता. कानाच्या उंचीवरून, तिच्याच आवाजात, तिच्याच ऐटीत चालला होता. हाक मारून तो थांबणार नाही हे तिला ठाऊक होतं, कारण ती स्वतःही कधी थांबली नसती. ती धावली. पत्रा कोपरांना घासू लागला, मग खांद्यांना. शेवटी तिने झडप घालून शब्द मुठीत धरला. वरून तो थंडगार होता आणि आतून तापलेला.

सोडला तर पुन्हा निघाला असता आणि ठेवायला जागा नव्हती. शालनने श्वास रोखला, मास्क उचलला, शब्द तोंडात टाकला आणि मास्क परत बसवला. खोली थांबली.

मेहमूदभाई हाताच्या अंतरावर होते. त्यांच्यामागे बॅटरी गप्प पडून होती. मास्कच्या पट्ट्यावर बोट ठेवून ते वळले.

“शालन, विझली का गं?”

मास्क बसवून तिने हात खाली घेतले तसे पत्र्याने ते अंगाशी दाबून धरले होते, हेल्मेट दोन्ही बाजूंनी टेकलं होतं. मान हलवायला जागा नव्हती. तिने त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहिलं आणि दात घट्ट मिटले. जिभेवर शब्द पुन्हा तापू लागला होता.