वीणेचा शिक्का

वीणा केवढी, तर करंगळीच्या नखाएवढी. पण तिच्या तारा कुणीतरी मन लावून उठवल्या होत्या… विमलबाई वाकून त्या मोजू लागली, तेवढ्यात नवऱ्यानं, निवृत्तीनं, शिक्का कापडावरून उचलून घेतला.

सोन्यावर सरकारी बंधनं आल्यापासून बीबी गावच्या भाऊराव सोनाराकडे चांदीच तेवढी उरली होती. खामगावहून आलेले हे नवे शिक्के त्यांनी लाल कापडावर मांडले होते. कुठल्यावर बासरी, कुठल्यावर मृदंग. आपण इथे टाकासाठी आलो होतो ना? बिजवराला दिलेल्या बाईनं मेलेल्या पहिलीचा टाक गळ्यात बांधायचा, म्हणजे ती संसारात आडवी येत नाही. त्या टाकावर बाईची साधी आकृती असते, नाकडोळे असून नसल्यासारखी, कुणाचीच न वाटणारी… म्हणून तर बायकांना ती सोसते.

“हा कशाले, निवृत्तीभाऊ?” भाऊराव म्हणाले. “सवतीले बाईची मूर्त लागते. वीणा कोण घालते?”

“राहू द्या. हाच पाह्यजे.”

लग्नात त्यानं टाक करूच दिला नव्हता. ‘ती काय भूत हाये?’ असं आईवर ओरडला होता, आणि बोहल्यावरून उतरलेल्या विमलबाईला वाटलं होतं, नवरा आपल्या बाजूचा आहे! किती वेडी होते मी. कोकिळेला, त्याच्या पहिलीला, त्या बिनचेहऱ्याच्या बाईत बसवणं त्याच्या जिवावर आलं होतं, एवढंच. मग दोनदा पोट राहिलं, दोनदा गेलं. आता पाचवा महिना चालू होता, आणि सासू, सत्यभामाबाई, रोज एकच म्हणायची, “मेलीले मान पाह्यजे. तिले गळ्यात घे, मंग पोटातलं राहीन.” विमलबाईनं हो म्हटलं. हे एक राहू दे, मग गळ्यात धोंडा बांधा म्हणाल तर तोही बांधते.

भाऊरावांनी खरेपणा दाखवायला शिक्का दगडावर टाकला. नाद उठला, बारीक, लांबत गेलेला. निवृत्तीनं डोळे मिटले.

“आणखी एकदा,” तो म्हणाला.

विमलबाईनं मान खाली घातली. परक्याच्या घरात नको ते दिसल्यासारखं तिला झालं. कोकिळा गायला लागली की गल्ली थांबायची म्हणे, लग्नघरी हळदीला तिच्या गाण्यावाचून घाणा भरत नसे… ‘मेलेल्या म्हशीला मणभर दूध’ म्हणून विमलबाईच्या आईनं ते उडवून लावलं होतं. पण मीही गात होते की माहेरी, दुसरबीडला. सासरच्या पहिल्या पहाटे जात्यावर बसून सवयीनं ओवी धरली — दुसरी ओळ येते न येते, तोच निवृत्ती आतून उठला आणि जात्याजवळून, तिच्याकडे न बघता, बाहेर निघून गेला. त्या दिवसापासून चार वर्षं ती मुक्यानंच दळत होती.

भाऊरावांनी शिक्क्याला डाग देऊन कडी जोडली, काळा दोरा ओवला. “बांधा बाई, देवाचं नाव घेऊन.” तिनं देवाचं नाव घेतलं, आणि कोकिळेचंही.

घरच्या, सुलतानपूरच्या वाटेला बैलगाडी लागली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. शिक्का आधी गार लागत होता, मग अंगाच्या उबेनं कोमट झाला, आणि मग तो आहे की नाही हेही कळेना. गाडीच्या हेलकाव्यांत ती पोटावर हात ठेवून बसली होती — राह्य बाबा, राह्य — आणि निवृत्तीच्या हातातला कासरा सैल पडलेला दिसला तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, आपण गुणगुणतो आहोत. तीच ओवी. ती गप्प झाली, आणि आता हा उतरून चालू लागेल म्हणून वाट पाहत राहिली.

निवृत्ती वळला.

“थांबली काऊन?”

चार वर्षांत एवढ्या मऊ आवाजात तो तिच्याशी बोलला नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. त्याची नजर गळ्याशी होती, शिक्क्यावर. हे आपल्याला विचारलेलं नाही, हे तिला कळत होतं, स्वच्छ कळत होतं. तरी ओठ हलले. माझं नाही तर नाही, तिचं समजून का होईना… त्यानं पुन्हा एकदा विचारावं, असं तिला फार वाटलं, आणि पोटावरचा हात केव्हा उठून शिक्क्यावर गेला, हे तिला समजलंच नाही.