कल्पनाचं नाक

“ही मटनासंगं घेऊ नका. मटनापुढं बिचारी तोंडच उघडायची न्हाई.” पांढऱ्या वाइनचा ग्लास नाकापासून खाली घेत कल्पना म्हणाली. “हिला तळल्याला मासा द्या, न्हाईतर नुसती मीठ लावल्याली काकडी. हिचा वास बगा, आत्ता कैरी फोडल्यागत हाय.”

टेबलाभोवतीचे सहाही पाहुणे खूश झाले. महाळुंग्याच्या नव्या इमारतींतून आलेली मंडळी होती. धरणाचं पाणी दिसणाऱ्या या काचेच्या खोलीत ती वाइन चाखायला आली होती, पण खरं सांगायचं तर अर्धी गर्दी कल्पनाचं बोलणं ऐकायलाच यायची.

“आणि ही लाल?” एका बाईंनी विचारलं.

“ही तापट हाय. मिरी कुटल्यागत नाकात जाती. उघडली की अर्धा तास तशीच ठिवा, राग निवंल. मग मटन द्या, भरीत द्या, कायबी द्या, गोड बोलंल.”

चाखून झालं, चूळ भरून टाकायच्या तांब्यात मंडळी थुंकली, उरलेली वाइनही त्यातच ओतली, दोन-तीन बाटल्या विकत घेऊन गेलीसुद्धा. कल्पना ग्लास गोळा करायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि सातवा.

सातवा ग्लास खिडकीकडच्या टोकाला होता. तिनं स्वतःच्या हातानं सहा मांडले होते, आणि तिचा चाखायचा ग्लास वेगळा, फळीवर होता. सातव्याच्या तळाशी थोडा ओलावा होता. सवयीनं तिनं तो नाकाशी नेला आणि झटकन दूर धरला.

वाइनचा वास होताच. पण त्याच्या खाली चुना-तंबाखू होता, ओलं गोणपाट होतं, आणि दहा जणांच्या बाटल्यांतलं उरलंसुरलं एकत्र करून प्यायलेल्या तोंडाचा आंबूस वास होता. असा वास तिच्या आयुष्यात एकाच माणसाला येत होता. तिचा नवरा नरहरी. आणि तो मरून सहा वर्षं झाली होती.

आता या नाकाची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी कल्पना या रिसॉर्टवर ग्लास धुवायला लागली. एक दिवस मोरीवरून उठून ती थेट मॅनेजर पियूषसमोर उभी राहिली. “सायेब, ती बाटली पाव्हन्यांना देऊ नका. तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय.” पियूष नाशिककडे वाइनचं शिकून आलेला, त्यानं त्याच बाटलीतले दोन घोट घेतले होते आणि त्याला काही जाणवलं नव्हतं. त्यानं पुन्हा हुंगलं. बाटली खरंच बुचानं बिघडलेली होती! मग त्यानं कल्पनाचे डोळे फडक्यानं बांधले आणि नऊ ग्लास पुढं ठेवले. बाईनं नऊच्या नऊ ओळखले. नावं तिला येत नव्हती, पण कुठली कुठल्या बाटलीतली हे तिनं बोट ठेवून सांगितलं. त्या दिवशी तिची मोरी सुटली.

“ताई, हे कुठं शिकलात?” पाहुणे विचारायचे.

“घरीच,” ती म्हणायची, आणि ते हसायचे.

खोटं नव्हतं ते. नरहरी ताम्हिणीत एका ढाब्यावर भांडी उचलायला होता. पर्यटक बाटल्यांत जे ठेवून जायचे ते हा घशात ओतायचा. दिवेलागणीला घरी यायचा. कल्पना दारात उभी राहायची आणि तो पायताण काढायच्या आत तिला हुंगून ठरवावं लागायचं. नुसती बिअर असेल तर रडेल आणि झोपेल. व्हिस्की असेल तर रात्रभर बडबडेल. हातभट्टी असेल तर पोरीला शेजारी पाठवायची. आणि हातभट्टीवर रम पडली असेल तर आधी वरवंटा लपवायचा. पंधरा वर्षं ही शाळा चालली. नापास झालं की अंगावर वळ उठायचे, मग शिकत कशी नाही बाई!

दारूचा एक थेंब तिनं कधी गिळला नाही. तोंडात घ्यायची, फिरवायची, थुंकायची.

“पियूषसायेब, सातवा ग्लास कुनी ठिवला?”

“सातवा? मी तर मोजून सहा काढले होते.” पियूष खुशीत होता, त्याचं लक्ष नव्हतं. “ते सोडा. शनिवारी इंद्रजित सर येतायत. मालक स्वतः! तुम्हाला कायम करायचं म्हणतायत. कार्डावर तुमचं नाव छापणार, ‘कल्पनाताईंची पसंती’. फक्त त्यांच्यासमोर एकदा चाखून दाखवायचं.”

कल्पना हसली, पण तिचे डोळे टेबलावरच्या तांब्याकडे होते. आत्ताच सहा जण त्यात थुंकले होते, ओतून गेले होते. तो काठोकाठ भरला होता हे तिनं पाहिलं होतं. आता तो रिकामा होता. ओला नव्हता की चिकट नव्हता, आतून जिभेनं चाटल्यासारखा कोरडा होता.

त्यानंतर तीन दिवस हेच चाललं. भाद्रपद होता, पाण्यावरून धुकं उठून दुपारी चारलाच काचांना लागायचं. ती मोजून ग्लास मांडायची आणि उचलताना एक जास्त निघायचा. तांब्या भरायचा आणि पाठ वळली की रिता व्हायचा. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय, की माझा मेलेला नवरा पाहुण्यांचं उष्टं पितोय? लोकांनी तिलाच पिणारी ठरवली असती.

तिथवर ठीक होतं. काम संपलं की ती भीती तिथंच ठेवून ती घरी यायची. पण गुरुवारी दिवेलागणीला तिनं चूल पेटवली आणि वास उंबऱ्यात आला. दार लोटलेलं होतं. बाहेर कुणी नव्हतं. चुना, तंबाखू, ओलं गोणपाट.

आतल्या खोलीत दिशा अभ्यासाला बसली होती. एकोणीस वर्षांची पोर, पिरंगुटला कॉलेजात जाणारी, कुणाला न जुमानणारी. ती पुस्तक मिटून बाहेर आली. तिनं लोखंडी खाट ओढत नेली आणि दाराला लावली. तेरा वर्षांची असताना लावायची, अगदी तशीच. मग ती खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसली.

“आई, पप्पा आलेत?”

म्हणजे पोरीलाही येत होता वास. सहा वर्षं ही पोर गाढ झोपली होती, दाराकडे पाठ करून झोपायला शिकली होती. त्या रात्री दोघींचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी कल्पना सासूकडे गेली. सारजाबाई गावात वरच्या आळीला एकटी राहायची. डोळ्यांनी अधू झाली होती, पण जीभ शाबूत होती.

“आत्या, ते आलेत.”

म्हातारीनं विचारलंसुद्धा नाही कोण ते. हातातली मशेरी दातांना लावत म्हणाली, “येनारच की. दहाव्याला काय बोल्ली हुतीस, आठव.”

कल्पनाला आठवलं. नरहरी ढाब्यामागं रिकाम्या बाटल्यांच्या ढिगाशेजारी सकाळी मेलेला सापडला होता. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. भाऊबंदांनी शेताचं बोलून पाहिलं, पोरीच्या लग्नाचं बोलून पाहिलं. ऊन डोक्यावर आलं, माणसं भुकेली झाली. शेवटी कल्पनालाच घरून बोलावून आणलं. ती पिंडासमोर उभी राहिली आणि एकदाचं सुटावं म्हणून म्हणाली, “जनमभर लोकांचं उष्टं प्यालात. तुमाला मी माज्या हातानं ओतून दीन. पयल्या धारंचं, कुनाचं तोंड न लागल्यालं.” तोंडातून शब्द सुटायची खोटी, कावळ्यानं झडप घातली.

“दिलंस का?” सारजाबाईनं विचारलं.

“घरात दारू आनायची न्हवती मला परत.”

“त्ये खरं. पन आता त्याच हातानं साऱ्या पुन्याला ओततीस. त्यो बगत असंल न्हवं? माजाच ल्योक हाय त्यो. जित्तेपनी उष्टं, मेल्यावरबी उष्टंच.” म्हातारीचा आवाज पहिल्यांदाच भरून आला. “आज दशमी, त्याचीच तिथ हाय. दिऊन टाक बाई. जाईल त्यो. पन येक ध्यानात ठिव. असा मानूस जाताना आपलं दिल्यालं समदं घिऊन जातो. माघारी काय ठिवत न्हाई.”

कल्पनाला हसूच आलं. “मला काय दिलंय हो त्यांनी? दोन दात पाडलेत, अन ह्यो वाकडा हात. न्ह्यायचं आसंल तर खुशाल न्हिऊ द्या.”

“दिशी हाय की.”

“दिशी माजी हाय!” ती इतक्या जोरात म्हणाली की म्हातारीच्या हातातली मशेरी सांडली. पण घाटाच्या रस्त्याला लागेपर्यंत कल्पनाचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी तिनं दोनदा फोन करून पोरीचा आवाज ऐकला.

साडेचारला शेवटचे पाहुणे गेले. खिडकीबाहेर पाणी दिसत नव्हतं, धुकं काचेला चिकटून उभं होतं.

“सायेब, येक नवी बाटली फोडायची हाय. त्यातला पयला ग्लास मला पायजेल.”

पियूष बघतच राहिला. “तुम्ही घेणार?”

“मी न्हाई. येक पाव्हना हाय माजा. तुमी जरा भाईर थांबा.”

सातवा ग्लास जागेवर आलाच होता. तिनं तो गरम पाण्यानं धुतला, फडक्यानं पुसला, उजेडात धरून पाहिला. मग फळीवरच्या बाटल्यांसमोर उभी राहिली. या माणसाला काय द्यावं? इतकी वर्षं तो काय प्यालाय हे तिनं ओळखलं होतं. त्याला काय मानवेल याचा विचार मात्र आज पहिल्यांदा करत होती.

तिनं पांढरी काढली.

“लाल न्हाई देत तुमाला,” ग्लास भरत ती मोकळ्या खुर्चीला म्हणाली. “लाल रागात राग घालती. ही घ्या. हिच्यात पिकल्या पेरूचा गोडवा हाय, बराच येळ तोंडात ऱ्हातो. गटागटा पिऊ नका, तुमच्या मागं कुनी लागल्यालं न्हाई. पयल्या धारंची हाय, कुनाचं तोंड लागल्यालं न्हाई.”

त्याला आधी न हुंगता ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. आज बोलली. मग पिंडाकडे करतात तशी तिनं पाठ फिरवली.

खोलीत वास दाटला, इतका की तिनं पदर नाकाला लावला. मागं काचेवर टक् असा बारीक आवाज झाला. नरहरीचा पुढचा दात तुटका होता, पितळीला तो असाच लागायचा. घोट गिळल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग खुर्ची सरकली, आणि अगदी तिच्या मानेपाशी कुणीतरी लांब श्वास आत ओढून घेतला. वर्षानुवर्षं दारात ती त्याला हुंगायची, तसा.

ती वळली तेव्हा ग्लास कोरडा होता. तिनं तो उचलून टेबलावर पालथा घातला.

“झालं. माजा शबूद पुरा झाला. आता हितं न्हाई, अन घरीबी न्हाई.”

वास गेला होता. सगळाच गेला होता, पण सुटकेच्या भरात तिच्या ते ध्यानात आलं नाही. घरी आली, तर दिशा ओट्यावर बसून फोनवर हसत होती. कल्पनानं तिला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिलं. “अगं काय करतेस आई?” पोर खेकसली. सगळं जागच्या जागी होतं. म्हातारीचं काहीतरीच, असं कल्पना मनाशी म्हणाली.

शनिवारी इंद्रजितसाहेब आले. भला माणूस, हात जोडून नमस्कार करणारा. बरोबर त्याचे चार स्नेही होते. छापायच्या कार्डाचा नमुना टेबलावर होता, त्यावर कल्पनाचं नाव सोनेरी अक्षरात. पियूषनं लाल वाइनचा ग्लास तिच्या हातात दिला. तिनं तो फिरवला, नाकाशी नेला.

काही नाही.

तिनं पुन्हा हुंगलं. तोंडात घेतला, फिरवला. लाल रंगाचं पाणी. तिनं हळूच मनगट नाकाशी नेलं. सकाळच्या लसणाचा वास नाही, साबणाचा नाही, घामाचा नाही. तेव्हा तिला कळलं. नरहरीनं तिला दिलेलं एकच काहीतरी होतं, आणि तो ते घेऊन गेला होता.

“बोला ना ताई,” पियूष कुजबुजला. “मिरी म्हणा, जांभूळ म्हणा. रोजचंच तर आहे.”

म्हणता आलं असतं. तिला सगळं पाठ होतं. पण ही बाटली ओल्या पुठ्ठ्याची निघाली तर? गोड म्हणून सांगायचं आणि पाहुण्याला नासकं पाजायचं?

“सायेब,” ती ग्लास खाली ठेवत म्हणाली, “मला वास येत न्हाई. काल सांजच्यापासनं येत न्हाई. मी खोटं सांगनार न्हाई.”

इंद्रजितसाहेब चांगलं बोलले. सर्दी असेल, डॉक्टरला दाखवा, महिनाभर बघू म्हणाले. पियूषनं कार्डाचा नमुना गुपचूप उचलून फाइलीत ठेवला. कल्पनानं पदर खोचला आणि मोरीवर जाऊन ग्लास धुवायला बसली. सहाच होते. तिनं दोनदा मोजले.

घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. दार सताड उघडं होतं. खाट आपल्या जागी, भिंतीला होती, आणि तिच्यावर दिशा दाराकडे पाठ करून, तोंड उघडं टाकून झोपली होती. कल्पनानं आवाज न करता चुलीवर भात ठेवला आणि उंबऱ्यात येऊन बसली. लेकीच्या श्वासाचा आवाज ऐकत ती किती वेळ तशी बसली, तिचं तिलाच कळलं नाही.

डोळे चुरचुरले तेव्हा तिनं मागं पाहिलं. घरभर धूर झाला होता. भात पार करपला होता आणि तिला पत्ता नव्हता.

तिनं पातेलं उतरवलं. वरवरचा पांढरा भात हलक्या हातानं काढून दिशाच्या ताटात झाकून ठेवला. तळाची काळी खरवड आपल्या ताटात घेतली, त्यावर मीठ घातलं, आणि उघड्या दारात बसून सावकाश जेवली.