शंभर शब्दांचं मत

स्वतःचं मत असणं आणि ते निर्भयपणे मांडणं हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे. चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यातल्या तपासनीसाला बावीस वर्षांत या हक्काची एकदाही गरज पडली नव्हती. तो दिव्यासमोर काच धरायचा, ओरखडा असला तर डाव्या ट्रेमध्ये टाकायचा, नसला तर उजव्या.

मग मालक बदलले आणि नव्यांनी प्रत्येकाला कॉम्प्युटरवर एक फॉर्म पाठवला. कामाच्या जागेबद्दल तुमच्या भावना काय आहेत? इंग्रजीत लिहा. किमान शंभर शब्द.

तपासनीसाची भावना एकच होती, की खोलीतला पंखा वाजतो. इंग्रजीत तिचे चार शब्द झाले. उरलेल्या शहाण्णव शब्दांसाठी त्याने मुलीची वही उघडली. मुलगी परदेशातल्या शिक्षणासाठी इंग्रजीचा क्लास करत होती. वहीत भावना जोडीने लिहिल्या होत्या, कारण इंग्रजीत भावनेला एकटं बाहेर सोडत नाहीत, सोबत एखादा दणकट शब्द देतात. नुसतं डिसअपॉइंटेड नाही, बिटरली डिसअपॉइंटेड. त्याने त्यातल्या त्यात भारदस्त जोड्या निवडल्या, पंख्याच्या आजूबाजूला बसवल्या, बोटांवर शंभर मोजले, बटण दाबलं आणि जेवायला गेला.

सोमवारी निरोप आला. 'आपल्या फॉर्मसंदर्भात बुधवारी अकरा वाजता चौथ्या मजल्यावर यावे. ओळखपत्र सोबत आणावे.'

चौथ्या मजल्यावर यापूर्वी दोघांना बोलावलं होतं. दोघंही ओळखपत्र घेऊन वर गेले आणि ओळखपत्राशिवाय खाली आले.

"असं लिहिलंत तरी काय?" बायकोने विचारलं.

"पंख्याबद्दल."

फॉर्मचा मजकूर आधी लिहून काढलेला कच्चा कागद त्याच्याकडे होता. मुलगी तो वाचून अर्थ सांगू लागली आणि दुसऱ्याच ओळीला तिचा आवाज बारीक झाला.

"बाबा, 'व्हीहमंटली अपोज'... म्हणजे पंख्याला तुमचा कडाडून विरोध आहे."

"असू दे की. वाजतोच तो."

"'डीप-सीटेड रिझेंटमेंट'. पंख्याबद्दल तुमच्या मनात खोलवर आकस आहे."

"आकस?" बायको म्हणाली. "सख्ख्या भावाने फसवलं तेव्हा 'जाऊ दे' म्हणालात. आणि पंख्याचा आकस?"

"पुढे वाच," तपासनीस म्हणाला.

"'कॅलस डिसरिगार्ड'. साहेब लोक दगडाच्या काळजाचे आहेत, त्यांना माणसांची काडीचीही पर्वा नाही."

"कशाला लिहितेस गं वहीत असलं काहीतरी?"

"अहो बाबा, साध्या शब्दाला अर्धाच मार्क मिळतो!"

"मिळू दे," बायको म्हणाली. "पन्नाशीत नोकरी गेली तर यांना कोण घेणार आहे?"



मंगळवारी तपासनीसाला प्रत्येक काचेत ओरखडा दिसला. उजवा ट्रे दुपारपर्यंत रिकामा होता. डोक्यावर पंखा वाजत होता, पण त्याने मान वर केली नाही. कोणी बघितलं असतं तर आकस दिसला असता.

बुधवारी निघताना मुलीने त्याला नरम जोड्या पाठ करून दिल्या. त्या पुटपुटत तो चार मजले चढला. मग दाराबाहेरच्या बाकावर बसला. खिशातलं ओळखपत्र घामाने ओलं झालं होतं.

आत एक तरुण मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली होती. तिने हात पुढे केला. "ओळखपत्र?"

तपासनीसाचा बांधच फुटला. "आय डीपली रिग्रेट. सिन्सिअर अपॉलजी. फुल रिस्पॉन्सिबिलिटी. मॅडम, पंख्यावर माझा काही राग नाही हो. साहेब लोक फार मायाळू आहेत."

"काका, आधी बसा. पाणी घ्या. कसला पंखा?" तिने कार्डावरचा नंबर टाइप केला. "तुमचा फॉर्म पोचलाच नाही. कॉम्प्युटरच्या हिशोबाने सत्त्याण्णव शब्दच झालेत. तीन कमी पडतात, म्हणून तर बोलावलं."

"म्हणजे कोणी वाचला नाही?"

"पोचल्याशिवाय कोण वाचणार?"

तपासनीसाचा जीव भांड्यात पडला. "मग खोडून टाकतो सगळं."

"खोडता येत नाही. लिहिलेलं लॉक होतं. फक्त भर घालता येते. आणि आज शेवटचा दिवस आहे."

"नाहीच पाठवला तर?"

"तर तुमचं नाव मत नसलेल्यांच्या यादीत जाईल. ती यादी वरून मागवली आहे."

"कशाला?"

"ते काही सांगितलेलं नाही."

जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला. तपासनीसाने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग त्याने शेवटी तीन शब्द घातले. थँक यू सर.

तिने बटण दाबलं. "गेला," ती म्हणाली आणि कार्ड परत दिलं.

त्याला आता दीड वर्ष झालं. पंखा अजून वाजतो.