गेटबाहेरची पिशवी

"पाना पायजे त घरून आण," असं म्हणून दिवाकरनं स्टोअरच्या कपाटाला कुलूप घातलं. "हे सरकारी हाय. बायामाणसाच्या हाती द्याचं नाई."

प्रेमलाचा नवरा नरेश याच पंपघरात फिटर होता. तो गेल्यावर अनुकंपेवर तिला मदतनिसाची जागा मिळाली. राज्य नवं, खातं भोपाळहून नव्या राजधानीत नुकतंच आलेलं. पण शंकर नगरातली कचेरीची इमारत जुनी, रोज कुठला ना कुठला नळ गळायचा. नरेश होता तोवर त्याच्या जोडीचा फिटर दिवाकर तिला वहिनी म्हणायचा. साडीवर खाकी सदरा चढवून ती कामावर आली, त्या दिवसापासून नुसतं "ए बाई".

तिनं खरंच घरून आणलं. नरेशची एक पक्कड आणि दोन पेचकस घरात होते. बाकीचं जमवायला वर्ष लागलं. रविवारी सिलतऱ्याच्या रस्त्यावर भंगारवाल्यांपुढे उकिडवी बसून ती ढीग चाळायची. पान्याच्या जबड्याचे दात बोटानं चाचपायची, झिजलेला असला की परत टाकायची. मोठा पाइप पाना मिळायलाच पाच महिने गेले. तो तिनं तीन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवला आणि तारेच्या ब्रशनं घासून मोकळा केला. हातोडीला बाभळीचा दांडा स्वतः बसवला. ताडपत्रीची पिशवी शिवली, तिला खण केले, म्हणजे छिन्नीची धार कानशीवर आपटायला नको. दर शनिवारी ती तेलाची चिंधी घेऊन बसली की मुलगी पूर्णिमा वैतागायची, "आई, पहले खाना तो बना दो!"

नळ गळला की बाबू लोक तिलाच हाक मारू लागले. तसा दिवाकर साहेबांकडे गेला. स्टोअरचं सामान हिच्या पिशवीत आहे, म्हणाला.

साहेबांनी पिशवी टेबलावर ओतायला लावली.

"रसीद?"

"कबाड़ का है साहब, रसीद कौन देगा? सरकारी ठप्पा दिखे तो रख लीजिए."

साहेबांनी एकेक वस्तू उलटून पाहिली. ठसा एकावरही नव्हता. ओशाळण्याऐवजी ते चिडले. "कल से कोई निजी औज़ार गेट के अंदर नहीं आएगा!"

दारात दिवाकर हसला.

तेव्हापासून पिशवी रस्त्यापलीकडे मीराबाईच्या चहाटपरीत राहू लागली आणि प्रेमलाच्या वाट्याला बादल्या वाहणं आलं.

मे महिन्यात एका दुपारी पंपघरातला पाइपचा जोड निखळला. पंप बंद केला तरी वरच्या टाकीचं पाणी उलट येतच होतं. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला हवा होता. त्याचं चाक केव्हाच तुटलेलं, नुसता दांडा उरलेला. दिवाकरनं स्टोअरचा पाना लावला. तो घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. गंजून दातच उरले नव्हते त्याला. पाणी तळघरातल्या फायलींकडे वळलं.

"पाह्यत काय राहिली? जा, तुहा पाना आन!"

प्रेमला गेली. पिशवी घेऊन गेटवर आली, तर चौकीदार भैय्यालालनं हात आडवा केला. "दीदी, आडर हे."

"बराबर हाय तुमचं, भैया," ती म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या कठड्यावर बसली.

पाणी पायऱ्या उतरून गेटपर्यंत आलं. मागोमाग साहेब आले, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. "यहाँ क्यों बैठी हो? अंदर आओ!"

"लिख के दीजिए, साहब."

"पागल हो क्या? पानी बह रहा है!"

"आपका ही हुकुम है."

भैय्यालालनं वही पुढे केली. साहेबांनी उभ्याउभ्या दोन ओळी खरडल्या. प्रेमलानं त्या सावकाश वाचल्या. "सही," ती म्हणाली. साहेबांनी सही केली.

व्हॉल्व्ह चार पिळांत बंद झाला. जोड घट्ट बसवून ती पंपघराच्या पायरीवर बसली. पाने, पक्कड, पेचकस पदरावर मांडून एकेक कोरडं करू लागली. वाट अडली होती. मागे साहेब उभे होते, त्यांच्यामागे दिवाकर.

"सरक ना," दिवाकर गुरकावला. "झालं न काम? आता काहून बसून राहिली?"

"ओलं ठेवलं का गंजते," ती मान वर न करता म्हणाली. "तुमचे गंजले तसे."

अजून सहा वस्तू पुसायच्या होत्या. दोघंही घोटाभर पाण्यात उभे राहिले.