राष्ट्राध्यक्षांच्या दाराबाहेर

अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीसमोर ओडेसा पिंकनीबाईंनी देवाला स्मरून खरं बोलायची शपथ घेतली आणि पहिल्याच प्रश्नाला अडकल्या.

"धरण फुटेल हे त्यांचे सल्लागार हार्लन टीग यांनी राष्ट्राध्यक्षांना आधी सांगितलं होतं का?" अध्यक्षा योडरबाईंनी विचारलं.

बावीस वर्षं व्हाइट हाउसमध्ये बैठकांची टिपणं घेणाऱ्या ओडेसाबाईंना उत्तर ठाऊक होतं. सांगितलं होतं! तरी धरण फुटल्याचं खापर बिचाऱ्या हार्लनवरच फुटलं होतं. आता त्याच्यावर खटला भरायचं चाललं होतं.

"आलेच हं," म्हणत त्या बाहेर गेल्या. व्हाइट हाउसच्या वकिलाला आत मज्जाव, म्हणून केसलर बाहेर बाकावर बसून होता.

"गप्प राहा," तो म्हणाला. " राष्ट्राध्यक्षांना दिलेला सल्ला गुप्त ठेवणं हा त्यांचा विशेषाधिकार."

"त्यांनी नको म्हटलंय?"

"नाही."

"मग बोलू?"

"छे! उद्या नको म्हणाले तर? तोवर त्यांचा हक्क शाबूत ठेवायचा."

ओडेसाबाईंनी आत जाऊन हेच सांगितलं.

"त्यांनी न सांगितलेला हक्क तुम्ही कशाला मिरवता?" योडरबाई कडाडल्या. "बोला, नाहीतर अवमानाची कारवाई होईल."

ओडेसाबाई पुन्हा बाहेर, पुन्हा आत. चौथ्या खेपेला योडरबाई म्हणाल्या, "साक्षीला आलात की प्रदक्षिणा घालायला?"

ओडेसाबाईंच्या चर्चमधले पाद्रीबुवा गात प्रवचन करतात तेव्हा अवघड वचनही काळजात उतरतं. हे कायद्याचं मात्र डोक्यात शिरेना. मग त्यांना आठवलं, त्या दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या दालनात जाण्याआधी हार्लन त्यांच्याशीही बोलला होता.

"बैठकीचं राहू द्या," त्या समितीला म्हणाल्या. " दाराबाहेर तो मला म्हणाला, 'ओडेसामावशी, धरण टिकत नाही. आता आत जाऊन तेच सांगणार आहे.' हे तर मला सांगितलं, राष्ट्राध्यक्षांना नाही."

लेखनिकाची बोटं चालू लागली.

बाहेर येऊन त्यांनी हे सांगताच केसलरनं कपाळाला हात लावला. "मावशी, तीही सल्ल्याचीच तयारी! गुप्तच."

"समिती म्हणते, नाही."

"ते कोर्ट ठरवेल. चारेक वर्षांत."

"मग आज मी चुकले की नाही?"

केसलरनं बाकावर सरकून जागा केली. "खरं सांगू? मलाही ठाऊक नाही."

ओडेसाबाई त्याच्याशेजारी बाकावर टेकल्या. आतून लेखनिक त्यांचं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवत होता.

"बरोबर आहे ना, बाई?" त्यानं दारातून विचारलं.

"अक्षर न् अक्षर," त्या म्हणाल्या.