पंचाची वेठ

हस्ताचा पाऊस उघडून चौथा दिवस होता. सटवाजीनं रानातली माती मुठीत दाबून पाहिली, अन् मूठ उघडताच तिचा भुगा झाला. वापसा आला होता. काळ्या रानाचा वापसा फार तर चार दिवस थांबतो. तेवढ्यात ज्वारी पेरली तर पेरली, न्हाई तर पुढचं सालभर दुसऱ्याच्या कडब्याकडं बघत बसायचं.

"उद्या तिफण धरू," तो बांधावरच्या थावराला म्हणाला. "पैले दोन दिवस तुझं रान, मग माझं."

सटवाजी गावातला, थावरा शेजारच्या लमाणांच्या तांड्यावरचा. दोघांची सात वर्षांची सावड. एक बैल याचा, एक त्याचा, अन् जोडी दोघांची. सावडीला कागद लागत न्हाई. पण जोडी दुसऱ्या कामाला न्यायची तर आधी सोबत्याला विचारायचं, एवढी रीत शेंबड्या लेकरालाही ठाऊक असते.

तेवढ्यात चावडीचं बोलावणं आलं. सटवाजी आता पंच होता ना!

झालं असं, की त्या उन्हाळ्यात हैदराबादेहून हुकूम निघाला होता. गावचा कारभार आता गावानंच बघायचा, गावोगाव पंचायत बसवायची. तहसीलदारानं पाच पंच नेमले, अन् तहसीलदाराला नावं दिली तातेराव पाटलानं. सरपंच अर्थातच पाटील. तांडा कागदावर गावात घातला, पण तांड्याचा पंच काही घेतला न्हाई. अन् सरकारच्या फुकट वेठीवरून दरसाल पाटलाशी भांडणारा सटवाजी मात्र पंच झाला. त्याच्या बायकोला, मनकर्णाला, तेव्हाच शंका आली होती. "भांडणाऱ्याला पाटील जवळ बसवून राहिला, म्हंजे कुठंतरी पाणी मुरते," ती म्हणाली होती. सटवाजीनं मिशीवरून हात फिरवला अन् विषय सोडून दिला.

चावडीत पाटलानं कागद पुढं सरकवला. "साहेबाचा दौरा हाये. तंबू-सामान हिंगोलीहून कळमनुरीला न्यायला एक गाडी पाह्यजे, चार दिवस. इतकी वर्षं वेठीच्या गाडीचं नाव मी सांगत व्हतो, तुमी मला शिव्या देत व्हता. आता सरकारनं अखत्यार तुमच्या हाती दिला. तुमीच सांगा, कोणाची गाडी जाईल?"

"वेठ द्यायचीच न्हाई," सटवाजी म्हणाला.

"बराबर. तसंच लिवतो, पंचायतीनं हुकूम मोडला. मग शिपाई येतील अन् एकीच्या जागी चार गाड्या नेतील. चालंल?"

सटवाजीच्या मनात अख्खं गाव फिरून गेलं. रुख्मिणीबाई विधवा, तिला कसं सांगावं? वसरामचा बैल लंगडा. "माणिकरावाकडं तीन जोड्या हायेत," तो म्हणाला.

माणिकराव पंच समोरच बसला होता, पाटलाचा व्याही. "माझं रान किती हाये ते पाहिलं का? माझी गाडी न्यायची तर टाका ठराव, हात वर करा," तो म्हणाला. सटवाजीचा एकट्याचाच हात वर राहिला. कोणीतरी खुदकन हसलं, अन् तिथंच त्याचं डोकं फिरलं.

"माझी लिवा! पंचानं आधी आपली द्यावी, मग गावाला सांगावं."

पाटलाची लेखणी शाईत बुडवून तयारच होती. अंगठा झाला, मोहर झाली. "याला म्हणतेत पंच," पाटील म्हणाला. सटवाजी छाती काढून चावडी उतरला, अन् शेवटच्या पायरीवर त्याच्या ध्यानात आलं, की जोडीतला एक बैल आपला न्हाईच.

तसाच माघारी फिरला. पाटलानं दोन्ही हात जोडले. "पैले मी एकट्यानं बदललं असतं बाबा. आता पंचायतीचा ठराव हाये. पंचायत परत बसंल ती महिन्यानं."

थावरानं सगळं ऐकून घेतलं. बैलाच्या पाठीवर हात ठेवून तो उभा राहिला.

"मागितला असता तर दिला असता," तो म्हणाला. "तू इचारलं काहून न्हाई?"

"डोकं फिरलं व्हतं रे."

"आजवर पाटील बैल न्यायचा. तवा आपण दोघं तुझ्या वट्यावर बसून त्याला शिव्या घालत व्हतो. आता मी कोणापाशी बसू, सटवाजी?"

सटवाजीला रडू आलं. पण गाडी जुंपावीच लागली.

चौथ्या दिवशी तो परतला, तेव्हा रान वाळून टणक झालं होतं. तिफणीचा फण आत शिरंना. थावराच्या रानात मात्र आठ-दहा ओळी हातानं बी टोबून पेरल्या होत्या. थावरा, त्याची बायको मिराबाई, अन् त्यांच्यासोबत वाकलेली मनकर्णा. तिनं नवऱ्याकडं मान वर करून पाहिलंसुद्धा न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सटवाजी तांड्यावर गेला. "चल हिंगोलीला. अर्जी देऊ."

कचेरीसमोर झाडाखाली हरिचंद अर्ज लिहून द्यायला बसायचा. त्यानं विचारलं, "वेठ कोणी लावली?"

"पंचायतीनं."

"कागदावर अंगठा कोणाचा?"

"माझा."

हरिचंदानं लेखणी खाली ठेवली. "मग लिवू कोणाच्या नावानं? कागद म्हणते, गावानं राजीखुशीनं गाडी दिली."

सटवाजी म्हणाला, "अर्जदार थावरा. गुन्हेगार सटवाजी पंच. सोबत्याला न इचारता त्याचा बैल वेठीला धाडला, असं लिवा."

"खुळा झाला का? अन् ही अर्जी जाईल कुठं, ठाऊक हाये? नव्या हुकमात गावची तक्रार गावच्या पंचायतीपुढंच येते. तूच गुन्हेगार, अन् न्याय करायला तूच!"

थावरा इतक्या दिवसांत पैल्यांदा हसला. "म्हंजे सुटलाच की हा."

"न्हाई सुटत," सटवाजी म्हणाला. "भरल्या चावडीत कबूल करंन. वेठ घेतली, जबरीनं घेतली, असं पाटलाच्या हातानं लिवून घेईन. इतक्या वर्षांत वेठीला वेठ म्हणलेला एक कागद न्हाई कचेरीत. लिवा तुमी."

हरिचंदानं लिहिलं. थावरानं अंगठा उठवला, अन् अंगठ्याची शाई सटवाजीच्या धोतराला पुसली.